ठरल्या चालीचा माणूस

आमच्या पालीत 'बँकवाला' ही शिवी आहे. ती बँकेत नोकरी करणाऱ्यालाच देतात असं नाही. तीन पत्तीच्या डावात जो दर वेळी तेवढीच चाल टाकतो, चांगली पानं आली म्हणून फुगत नाही आणि चार डाव गेले म्हणून पिसाळत नाही, अशा कोणालाही ती मिळते. मी बी.कॉम. आहे, बीडच्या एका शाखेत वीस वर्षं कारकुनी करतो आहे, आणि चालही ठरलेलीच टाकतो. तेव्हा मला ती दोन्ही खात्यांवर जमा होते.

पाली म्हटलं की पुण्या-मुंबईची मंडळी लगेच हात जोडतात. त्यांना वाटतं, अष्टविनायकातली पाली. ती रायगड जिल्ह्यात. आमची पाली बीडहून मांजरसुंब्याकडे निघालं की धुळे-सोलापूर रस्त्यावर लागते. त्या पालीला बल्लाळेश्वर आहे, आम्हांला बिंदुसरेचं धरण आहे. फरक एवढाच की बल्लाळेश्वर बारा महिने जागेवर असतो. धरणातल्या पाण्याचं तसं नाही. ते भरलं तरी पेपरात बातमी येते आणि आटलं तरी येते.

तर दिवाळीत आमच्याकडे डाव बसतो. चिंचोक्यांवर बसतो, हे पोलीस खात्याच्या माहितीसाठी सांगून ठेवतो. मुंबई इलाख्याचा जुगाराचा कायदा १८८७ सालचा आहे, आणि इतक्या वयस्कर गोष्टीशी वाद घालू नये अशी आमच्यावरची शिकवण आहे. माणशी शंभर चिंचोके मिळतात. ते संपले की उठायचं. हा नियम मी केला. तो मोडण्याचं काम दुसरा पक्ष करतो.

या पक्षाला मी 'अंदाजवाले' म्हणतो. वारं बघून उफणावं, हे त्यांचं ब्रीद. समोरच्याचा चेहरा बघावा, आपली पानं बघावीत, नशिबाचा रोख बघावा, आणि त्याप्रमाणे चाल कमी-जास्त करावी. त्यांचे पुढारी आमचे गिरणीवाले. ते मला चारचौघांत म्हणतात, "सायेब, तुमी पत्ते खेळत न्हाईत, हप्ते भरतात!"

यावर सगळा डाव हसतो. मीही हसतो. पण वाक्य चांगलं असलं म्हणून मुद्दा बरोबर ठरत नाही. तसं असतं तर आजवर सगळे अर्थमंत्री विनोदी लेखकांतूनच निवडले गेले असते. म्हणून अंदाजवाल्यांचे मुद्दे एकेक करून तपासायचं मी ठरवलं आहे. बँकेत याला ऑडिट म्हणतात आणि ते कोणालाच आवडत नाही.

खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. (तुम्हांला ठाऊकच आहे, शेजाऱ्यांना वाचून दाखवा.) प्रत्येकाला तीन पानं. पानं न बघता खेळतो तो ब्लाइंड, बघून खेळतो तो सीन. ब्लाइंडवाल्यानं एक टाकला तर सीनवाल्यानं कमीतकमी दोन टाकायचे. म्हणजे ज्ञानाला दुप्पट भाडं! नकोसं वाटलं की 'पॅक' म्हणून पानं खाली ठेवायची आणि आधी टाकलेल्यावर पाणी सोडायचं.

आता मुद्दा पहिला. अंदाजवाले म्हणतात, ठरलेली चाल टाकणारा उघडा पडतो, त्याचं सगळं आधीच ठाऊक असतं. काय ठाऊक असतं? मी दोन चिंचोके टाकणार, आपणहून वाढवणार नाही, हे ठाऊक असतं. पण माझ्या हातात तीन एक्के आहेत की दुर्री-पंजी-सत्ती, हे त्या दोन चिंचोक्यांवरून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. दोन्ही वेळा ते दोनच असतात.

उलट गिरणीवाल्यांकडे बघा. बरी पानं आली की ते आधी मांडी बदलतात. मग हात मिशीकडे जातो. मग आठ चिंचोके खण्णकन पडतात. (चिंचोके खण्णकन वाजत नाहीत, पण ते तसे टाकतात.) ते बघून आम्ही सगळे एका सुरात 'पॅक' म्हणतो. तीन पानांचे एकूण २२,१०० प्रकार होतात. त्यांत सारख्या तीन पानांची ट्रेल ५२ वेळा, म्हणजे ४२५ डावांत सरासरी एकदा. इतकी वाट बघून आलेली ट्रेल, आणि पदरात काय पडलं? तर सुरुवातीला सगळ्यांनी टाकलेले बुटाचे सहा चिंचोके! याला ते अंदाज म्हणतात. मी जाहिरात म्हणतो.

आकडे निघालेच आहेत तर एक अन्यायही नोंदवून ठेवतो. एकाच रंगाची ओळीनं तीन पानं, म्हणजे प्युअर सिक्वेन्स, २२,१०० मध्ये फक्त ४८ वेळा येते. ट्रेलपेक्षा दुर्मिळ, तरी मान ट्रेलला जास्त. नोकरी केलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आणि १६,४४० वेळा, म्हणजे चारातल्या जवळजवळ तीन वेळा, हातात जोडीसुद्धा नसते. म्हणजे अंदाजवाले ज्याचा अंदाज घेत असतात ते बहुतेक वेळा काहीच नसतं.

मुद्दा दुसरा. माणूस बघून खेळ बदलणारा हुशार, न बदलणारा ठोंब्या. यात थोडं तथ्य आहे. समोरचा अगदीच भोळा असेल तर त्याला वाचून खेळणारा माझ्यापेक्षा जास्त कमावतो, हे मान्य. आमच्या डावात एक निवृत्त मास्तर आहेत. त्यांना जोडी आली की खोकला येतो. हा शोध गिरणीवाल्यांना लागला आणि दोन दिवाळ्या त्यांनी मास्तरांच्या खोकल्यावर काढल्या. मास्तर खोकले की हे पॅक, मास्तर गप्प की यांचे आठ. तिसऱ्या दिवाळीला मास्तर पहिल्या डावापासून खोकत बसले. गिरणीवाले पॅक म्हणून म्हणून थकले. शेवटी मास्तरांनी राजा-नव्वी-चौकी अशी रद्दी पानं उताणी करून दाखवली आणि म्हणाले, "पोरांनो, मी पस्तीस वर्षं कॉपी पकडण्यात घालवली आहेत."

यात सगळं आलं. दुसऱ्याच्या हातातलं वाचायला माणूस वाकला की त्याच्या हातातली पानं दिसतात. गिरणीवाले खोकल्याप्रमाणे वागतात हे मास्तरांना कळलं, आणि त्या क्षणी अंदाज घेणाराच अंदाजात सापडला. ठरल्या चालीच्या माणसाला असं खोकून खोकून हलवता येत नाही.

हे माझंच म्हणणं असतं तर मी घाबरत मांडलं असतं. पण हंगेरीत जन्मलेले गणिती जॉन फॉन नॉयमान यांनी १९२८ सालीच सिद्ध करून ठेवलं आहे की, दोघांचा खेळ असेल आणि एकाचा तोटा तोच दुसऱ्याचा नफा असेल, तर आधीपासून ठरवून ठेवता येईल अशी एक रीत असते. तुम्ही ती पाळलीत, तर समोरचा कितीही बुद्धिमान असो, सरासरीनं तो तुम्हांला एका ठरावीक मर्यादेखाली ढकलू शकत नाही. पुढे १९४४ साली ऑस्कार मॉर्गेनस्टर्न यांच्याबरोबर लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी पोकरचाही हिशोब मांडला. पोकर म्हणजे आपल्या तीन पत्तीचा गोरा चुलतभाऊ. या हिशोबातली गंमत अशी की थापसुद्धा ठरवूनच मारायची. हलकी पानं असताना किती वेळा मोठी चाल टाकायची, याचं प्रमाण आधीच काढलेलं. म्हणजे मिशीवर हात फिरवायचा तोही वेळापत्रकाप्रमाणे!

आणि हे सगळं कागदावरचं, असं कोणी म्हणू नये. २०१७ च्या जानेवारीत अमेरिकेत, पिट्सबर्गला, लिब्रेटस नावाचा संगणकाचा प्रोग्रॅम चार कसलेल्या पोकरपटूंसमोर बसवला होता. वीस दिवस, एक लाख वीस हजार डाव. चौघेही हरले. हा प्रोग्रॅम समोरच्याचा खोकला मोजत नव्हता. दिवसभर ते पोकरपटू त्याच्या खेळात जिथं जिथं फट शोधायचे, ती फट तो रात्री हिशोब करून बुजवायचा. दुसऱ्याची भोकं शोधण्यापेक्षा आपली बुजवावीत, हे तत्त्व आमच्या आजीला ठाऊक होतं. तिला कोणी पिट्सबर्गला नेलं नाही.

इथं एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर गिरणीवाले मला यातच पकडतील. ठरलेली चाल म्हणजे एकाच आकड्याला चिकटून बसणं नव्हे. फॉन नॉयमानचा खेळाडू पानं बघून चाल बदलतो, थापही मारतो. पण काय बघून काय करायचं हे तो डावाला बसण्यापूर्वी ठरवतो, डोकं थंड असताना. अंदाजवाला ते बसल्यावर ठरवतो, कान तापलेले असताना. भांडण एवढंच आहे.

शिवाय आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९६७ साली रमीच्या एका खटल्यात म्हटलं आहे की रमीला बरंच कौशल्य लागतं, पण तीन पानांचा खेळ हा केवळ नशिबाचा. मास्तरांना हे मान्य नाही. खोकायला कौशल्य लागतं असं ते म्हणतात. पण अंदाजवाल्यांना मी विचारतो, देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला जे कौशल्य सापडलं नाही, त्याच्या जोरावर तुम्ही आठ-आठ चिंचोके कसे टाकता?

आता मुद्दा तिसरा, आणि माझं खरं वैर याच्याशी आहे. गेलेलं भरून काढायचं असेल तर चाल दुप्पट करा, हरलात तर पुन्हा दुप्पट. एकदा तरी आपली बारी येणारच! हा मंत्र पालीत आहे तसा जगभर आहे. शंभर चिंचोके घेऊन करून बघा. एक गेला, दोन गेले, चार, आठ, सोळा, बत्तीस. सहा डावांत त्रेसष्ट गेले. सातव्याला चौसष्ट हवेत आणि हातात उरले सदतीस. मग शेजाऱ्याकडे उसने. मग शेजाऱ्याच्या शेजाऱ्याकडे. आणि इतकं करून सातवा डाव जिंकलाच, तर निव्वळ नफा किती? एक चिंचोका. एका चिंचोक्याच्या नफ्यासाठी उसनवारी मागणारा असा अर्ज आमच्या शाखेत आला तर साहेबांपर्यंत जाणारच नाही, चहावाला पोऱ्याच परत करील.

यावर गिरणीवाले म्हणतात, "आवो, सलग सा डाव कोन हरतंय?" नाणं उडवलं तर सरासरी चौसष्टात एकदा कोणीही हरतो. उरलेल्या त्रेसष्ट वेळा एकेक चिंचोका मिळतो. त्रेसष्ट वेळा एक मिळवायचा आणि एकदाच त्रेसष्ट घालवायचे. ताळेबंद शून्य, आणि झोप गेली ती वेगळी. पत्त्यांना मागचा डाव आठवत नाही हो! हरलेल्याची कीव येऊन पान फिरल्याचं उदाहरण नाही.

महाभारतात हेच झालं. धर्मराज आधी रत्नं लावतो, मग रथ, मग हत्ती, राज्य, भाऊ, स्वतःला आणि शेवटी द्रौपदीला. प्रत्येक हरलेल्या डावानंतर पण मोठा. शकुनी कपटी होता हे खरंच. पण शकुनीला एवढं कपट करायला उसंत कोणी दिली? त्या सभेत भीष्म होते, द्रोण होते, विदुर होते. चिंचोके संपले की उठायचं, असं ठणकावून सांगणारा एक कारकून तेवढा नव्हता.

हरण्यानं चाल बदलू नये, असं मी म्हणत नाही. बदलावी, पण एकाच दिशेनं. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतल्या जॉन केली यांनी १९५६ साली याचं सूत्र मांडलं. तुमचं पारडं जड असेल तरच खेळा, आणि जवळ असेल त्याचा ठरावीक हिस्साच लावा. जिंकलात की पुढची चाल आपोआप वाढते, हरलात की आपोआप लहान होते. पारडं जड नसेल, तर त्या सूत्रात लावायची रक्कम शून्य येते. माझ्या सगळ्या वादाचं सार एवढंच: तोट्यानं चाल कमी व्हावी, तोट्यानं चाल वाढू नये.

इथंच थांबलो असतो तर लेख गुळगुळीत झाला असता. पण आमच्या डावात एक कोरडवाहू शेतकरी बसतो. तो शंभर चिंचोके संपले की निमूट उठतो, उसने मागत नाही. अंदाजवाल्यांत सगळ्यांत शिस्तीचा माणूस हाच. आणि शेतात मात्र हाच माणूस हरल्यावर दुप्पट लावतो. जूनमध्ये पहिल्या पावसावर पेरतो. पाऊस दडी मारतो, बी जळून जातं. मग पुन्हा बियाणं, पुन्हा खत, आणि पैसे या वेळी उसने. सरकारी भाषेत याला दुबार पेरणी म्हणतात. चिंचोक्यांच्या भाषेत ती दुप्पट चाल झाली. आणि पारडं कुठं जड आहे म्हणता? केलीच्या सूत्रानं याचा आकडा कित्येक वर्षी शून्यच येईल.

मी त्याला एकदा म्हणालो, "अहो, अशा वर्षी सरळ पॅक म्हणावं."

तो म्हणाला, "पॅक म्हनतो की सायेब. रान कुटं ठिवू?"

याला उत्तर फॉन नॉयमानकडे नाही आणि माझ्याकडे तर नाहीच नाही. पत्त्याच्या डावातून उठता येतं. आठ एकरांतून उठून कुठं बसायचं? ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचं एक सूक्त आहे. फाशापायी बायको गेली, घर गेलं, म्हणून तो जुगारी रडतो. आणि शेवटी त्याला सल्ला मिळतो तो असा की बाबा, फासे सोड आणि शेती कर. सल्ला उत्तम आहे. पण देणारा आमच्या तालुक्यातला नसावा. इकडे फासे सोडून शेती करणं म्हणजे लहान डावातून उठून मोठ्या डावाला बसणं. आणि तोही ब्लाइंड, कारण पावसाचं पान आधी कोणालाच दिसत नाही.

तरी पगारदार माणसं त्याला अंदाज शिकवतात. "बाजार बघून पीक बदला." बदलतो की! गेल्या वर्षी कांद्याला भाव मिळाला हे त्यानं बघितलेलं असतं. तेच शेजाऱ्यानं बघितलेलं असतं आणि शेजारच्या जिल्ह्यानंही. सगळे एकच पान बघून एकच चाल टाकतात आणि कांदा रस्त्यावर येतो. मास्तर खोकले म्हणून सगळ्यांनी पॅक म्हणावं, तसाच हा प्रकार. फक्त इथं खोकणारा बाजार, आणि त्याला पस्तीस वर्षांहून जास्त अनुभव.

आता ज्यांचा धंदाच अंदाजाचा, ते काय करतात बघा. पीकविमा कंपन्यांकडे पावसाचे आकडे असतात, पिकांचे आकडे असतात, शिकलेली माणसं असतात. म्हणजे हे पक्के सीन खेळणारे. २०२० च्या खरिपात बीड जिल्ह्याची पानं त्यांच्यापुढे आली. त्यांनी ती नीट बघितली आणि सगळ्यांनी मिळून 'पॅक' म्हटलं. जिल्ह्याचा विमा घ्यायला कंपनी मिळेना. शेवटी सरकारी कृषी विमा कंपनी तयार झाली, ती एका अटीवर. भरपाई जमलेल्या हप्त्याच्या ११० टक्क्यांवर गेली तर वरचा भार राज्य सरकारनं सोसायचा. आणि भरपाई ८० टक्क्यांच्या आत राहिली तर कंपनीनं २० टक्क्यांपर्यंत ठेवून बाकी पैसे सरकारला परत करायचे. हाच तो 'बीड पॅटर्न'. पुढे २०२२ साली तो राज्यभर लागू झाला. आमच्या जिल्ह्याचं नाव असं राज्यभर गेलं.

मला त्या अटीबद्दल तक्रार नाही. उलट ती वाचून माझा ऊर भरून आला. डावाला बसण्यापूर्वी किती हरायचं ते ठरवायचं, किती मिळवायचं तेही ठरवायचं, आणि आकडा गाठला की थांबायचं. हे तर माझेच शंभर चिंचोके! इतकी वर्षं पालीत ज्याला शिवी म्हणून वापरलं, ते सरकारी कागदावर धोरण म्हणून आलं.

तक्रार आहे ती एवढीच. त्या डावात दोघं बसले होते, आणि मर्यादेची रेघ एकासाठीच आखली गेली. ज्याच्याकडे पानं होती, पैसे होते, शिवाय उठून जायची मोकळीक होती, त्याचा तोटा ११० वर थांबला. ज्यानं ब्लाइंड खेळायचं आणि ज्याला पॅक म्हणायची सोय नाही, त्याचा तोटा कितीवर थांबतो? दुबार पेरणीवर? तिबारवर? त्याच्यासाठीही कोणीतरी डोकं थंड असताना, मृगाच्या आधी, एक आकडा ठरवावा. इतकं बी जळालं की पुढचा भार तुझा नाही, असं त्याला पेरणीपूर्वी लेखी सांगावं. मग तोही ठरलेली चाल खेळेल. चिंचोक्यांवर तो खेळतोच आहे, म्हणजे शिस्तीचा प्रश्न नाही.

गिरणीवाल्यांना हे सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "ह्ये बराबर हाय, पन आठ चिंचोक्याची मजा दोनात न्हाई." तेही खरंच आहे. हौसेला कोणी ना म्हणत नाही. पण गरजेला हौस समजून उपदेश करू नये. तोपर्यंत शिस्तीची, संयमाची आणि ठरल्या चालीची व्याख्यानं महिन्याच्या एक तारखेला पगार घेणाऱ्यांनी एकमेकांनाच द्यावीत. त्यासाठी दिवाळीत आमच्याकडे सतरंजीवर जागा आहे. चिंचोके मिळतील. शंभरच मिळतील.